सावकाश वाचायचा ऐवज

वाचनालयाच्या टेबलावर दिवाळी अंकांची थप्पी लागली की मी आधी अनुक्रमणिका उघडतो आणि पानांचे आकडे पाहतो. कुठल्या लेखानंतरचा आकडा पंचवीस-तीस पानांनी पुढे गेलाय? तो लेख आधी वाचायचा. त्याच्यासाठी कुणीतरी महिनोन्‌महिने खपलेलं असतं.

‘मनोरंजन’ मासिक १८९५ सालचं. त्याचे संपादक का. र. मित्र, मूळचे आजगावकर, यांनी १९०९ साली खास दिवाळीचा अंक काढला आणि पाडवा-भाऊबीजेला फराळाइतकीच वाचनाची सवय लागली. पुढे ‘मौजे’त श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकाच्या हस्तलिखितावर त्याच्याइतकेच कष्ट घेत. लांब लेख नुसत्या पानांनी लांब होत नाही. मागे असा संपादक लागतो.

आणि पैसा लागतो. अंकातल्या सहकारी बँकांच्या, सराफांच्या, बिल्डरांच्या जाहिराती आपण भराभर उलटतो. कागदाचा आणि छपाईचा मोठा भार त्याच उचलतात. संपादकाचं पत्र उन्हाळ्यात जातं, मजकूर पावसाळ्यात येतो, गणपतीच्या सुमारास मुद्रितं तपासली जातात. वर्तमानपत्र लेखकाला आठशे शब्द आणि एक संध्याकाळ देतं; इथे त्याला अख्खा पावसाळा मिळतो. गावी दोनदा जाऊन यायला, कागदपत्रं चाळायला, पहिला खर्डा फाडून टाकायला तेवढा वेळ लागतोच.

चालू घडामोडींवर असं ऐसपैस लिहिण्याची सवय मराठीला साप्ताहिकांनीही लावली. श्री. ग. माजगावकरांच्या ‘माणूस’मध्ये अरुण साधूंनी चीनच्या क्रांतीची कहाणी लेखमालेतून सांगितली. परदेशाचं राजकारण पुण्या-मुंबईबाहेरच्या वाचकानंही आठवड्यामागून आठवडा वाचलं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

सलतं ते खेळाबाबत. क्रिकेटच्या आठवणींना पानं मिळतात, पण कुस्तीला, कबड्डीला तीस पानं क्वचितच. १९५२ साली हेलसिंकीहून कांस्यपदक आणणाऱ्या खाशाबा जाधवांच्या प्रवासखर्चासाठी वर्गणी गोळा करावी लागली होती. आज तालमीतल्या पोराच्या दूध-बदामाचा खर्च कोण भागवतं? खासबागेतल्या एका मैदानामागे किती घरांची ओढाताण असते? यंदा एखाद्या संपादकानं हा विषय तरुण वार्ताहराकडे जूनमध्येच सोपवावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आमच्या वाचनालयात दिवाळी अंकांची वेगळी वर्गणी असते; अंक दोन दिवसांत परत करायचा. संक्रांतीपर्यंत तो इतक्या हातांतून फिरतो की शिवण सैल होते. परवा हाती आलेल्या अंकात एका दीर्घ लेखाच्या पंधराव्या पानाशी बसचं तिकीट होतं. आधीचा वाचक तिथं थांबला होता. पुढे सव्विसाव्या पानाचा कोपराही दुमडलेला दिसला.