भाड्याच्या खोलीत ढेकूण : जबाबदारी कोणाची?

गडचिरोलीकडून चंद्रपुरात शिकायला, कामाला आलेली आपली कितीतरी मुले जुन्या वस्तीत भिंतीला भिंत लागून असलेल्या खोल्यांत राहतात. ढेकूण झाले की घरमालक म्हणतो, 'तुम्हीच आणले.' खोली जाईल या भीतीने मुले गप्प बसतात. लाजायचे कारण नाही. ढेकूण रक्तावर जगतो, कचऱ्यावर नाही. तो स्वच्छ घरातही होतो. खाटेच्या सांध्यांत, भिंतीच्या भेगांत दडतो आणि शेजारच्या खोलीतूनही येतो. म्हणून एकाच खोलीत औषध मारून भागत नाही. अंडी बहुधा वाचतात, त्यामुळे साधारण दोन आठवड्यांनी पुन्हा फवारणी लागते. धान्यात ठेवायची विषारी गोळी मात्र खोलीत कधीही ठेवू नका. तिच्या वायूने झोपेतच जीव जातो.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १४ नुसार, करारात वेगळे ठरले नसेल तर दुरुस्ती मालकाने करायची. फवारणीचे नाव त्यात नाही. पण भेगा बुजवणे ही दुरुस्तीच. मालकाला लेखी नोटीस द्या. १५ दिवसांत काम झाले नाही तर स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करता येतो, वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिस्स्यापर्यंत. नोटीस पोस्टाने पाठवा, पोस्टाची पावती आणि गवंड्याचे बिल जपून ठेवा. सगळ्या खोल्यांच्या भाडेकरूंनी एकदमच नोटिसा दिल्या तर अधिक बरे.