डोळ्यांदेखत पाहिलेलें

साक्षीदार खोटें बोलत असेल, तर चांगला वकील उलटतपासणींत त्यास उघडा पाडूं शकतो. परंतु साक्षीदार सज्जन आहे, मनापासून खरें सांगत आहे, आणि तरीहि त्याचें सांगणें चुकीचें आहे, अशा वेळीं वकिलानें काय करावें? हा प्रश्न निव्वळ शब्दच्छलाचा नव्हे, हें लंडनच्या अडॉल्फ बेक या गृहस्थाच्या हकीकतीवरून वाचकांच्या ध्यानांत येईल.

१८९५ च्या डिसेंबरांत व्हिक्टोरिया स्ट्रीटवर एका स्त्रीनें बेकला अडविलें, आणि आपलीं घड्याळें व अंगठ्या घेऊन पळालेला भामटा तो हाच, असें पोलिसास सांगितलें. मग त्याच युक्तीनें फसलेल्या दुसऱ्या स्त्रिया पुढें आल्या, व सुमारें दहा जणींनीं त्यास ओळखलें. १८७७ सालीं जॉन स्मिथ नांवाच्या भामट्यास पकडणारा एक निवृत्त शिपाईहि, तो हाच मनुष्य, असें शपथेवर सांगता झाला. वास्तविक त्या सालीं बेक दक्षिण अमेरिकेंत होता! १८९६ सालीं त्यास ७ वर्षांची सक्तमजुरी झाली. स्मिथच्या अंगावरील एक निर्विवाद खूण बेकच्या अंगावर नाहीं, हें १८९८ मध्यें सरकारास कळून चुकलें होतें. तरी त्याचा तुरुंगांतील क्रमांक बदलण्यापलीकडे कांहीं झालें नाहीं. सुटल्यावर १९०४ त पुन्हां तोच आरोप आला, पुन्हां स्त्रियांनीं ओळखलें, पुन्हां तो दोषी ठरला. शिक्षा सुनावण्याच्या आधींच खरा स्मिथ सांपडला, म्हणून बेक वांचला. त्यास ५,००० पौंड भरपाई मिळाली, आणि १९०७ सालीं इंग्लंडांत फौजदारी अपिलांचें न्यायालय स्थापण्याचा कायदा झाला.

या सर्व स्त्रिया खोटें बोलल्या, असें कोण म्हणेल? त्यांचा राग खरा होता, दागिनेहि खरेच गेले होते. पण स्मृति ही कुलुपबंद पेटी नव्हे. आठवण विचारली जाते तेव्हां मन ती नव्यानें रचतें, आणि रचतांना हाताशीं येईल तें साहित्य वापरतें. प्रश्नांतील शब्दसुद्धां त्यास पुरतो. अमेरिकेंतील एलिझाबेथ लॉफ्टस व जॉन पामर यांनीं १९७४ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताचा चित्रपट दाखविला. मोटारी एकमेकींवर 'जोरानें आदळल्या' तेव्हां वेग काय होता, असें ५० जणांना विचारलें. दुसऱ्या ५० जणांना आदळण्याऐवजीं 'धडकल्या' असा सौम्य शब्द घातला. आठवड्यानें पुसलें, फुटलेली कांच पाहिलीत काय? पहिल्यांपैकीं १६ जणांनीं 'होय' म्हटलें, दुसऱ्यांपैकीं ७ जणांनीं. चित्रपटांत कांच फुटलेली नव्हतीच.

एकत्र कुटुंबांतील आमच्या वाचकांना यापुढील गोष्ट विशेष पटेल. घरांत चोरी झाली, कीं दिवेलागणीपर्यंत ओसरीवरच्या सर्वांची हकीकत एकच होते. काकूंनीं पाहिलेला निळा सदरा धाकट्या दिरानेंहि पाहिलेला असतो. २००३ सालीं फिओना गॅबर्ट व त्यांचे सहकारी यांनीं एकाच चोरीचीं दोन बाजूंनीं घेतलेलीं चित्रें दोघां-दोघांना निरनिराळीं दाखविलीं व मग त्यांना आपसांत बोलूं दिलें. बोललेल्यांपैकीं शेंकडा ७१ जणांनीं स्वतः न पाहिलेला, केवळ सोबत्याकडून ऐकलेला तपशील आपल्या जबानींत घातला. तेव्हां 'दहा जणांनीं सांगितलें' याचें वजन, ते दहा आधीं एकत्र बसले होते कीं नाहीं, हें पाहूनच ठरवावें लागतें.

साक्षीदाराच्या ठामपणावर तर आम्ही फारच थोडा भरंवसा ठेवूं. पहिल्याच वेळीं, कोणीं कांहीं सुचविण्यापूर्वीं, त्याला किती खात्री होती याला किंमत आहे. परंतु 'शाबास, बरोबर ओळखलेंत' एवढें कोणीं म्हटलें, कीं डळमळणारा मनुष्य पुढें कोर्टांत छातीठोक बोलूं लागतो.

आपल्याकडील ओळख परेडींत संशयितासारखीं दिसणारीं माणसें मिसळतात व पोलिसांस दूर ठेवतात, तें याच कारणास्तव. गुन्हेगार या रांगेंत नसूंहि शकेल, हें साक्षीदारास आधीं स्पष्ट सांगणेंहि तितकेंच अवश्य आहे. नाहींतर तो त्यांतल्या त्यांत मिळत्या चेहऱ्यावर बोट ठेवतो. चमत्कारिक गोष्ट अशी कीं, आपल्या न्यायालयांत परेड हा केवळ दुजोरा मानला जातो. मुख्य पुरावा म्हणजे पुढें साक्षीच्या पिंजऱ्यांतून आरोपीकडे दाखविलेलें बोट. तोंपर्यंत कित्येकदां वर्षें लोटलेलीं असतात, आणि आरोपीच्या जागीं उभा असलेला मनुष्य तर एकच असतो.