कलाविषय, माध्यमिक शाळांतील वैकल्पिक

दृश्यकला (रेखन, रंगचित्रण, शिल्प, संकल्पन इ.) व प्रयोगीय कला (गायन, वादन, नृत्य, नाट्य) यांपैकी एखादी कला माध्यमिक वा उच्च माध्यमिक विद्यार्थ्याने स्वतः निवडून, गणित-भाषादी विषयांच्या बरोबरीने शिकण्याची व्यवस्था. शालेय शिक्षणात कलेला तीन प्रकारे स्थान मिळते : सर्वांना आवश्यक असा विषय म्हणून, निवडीचा विषय म्हणून किंवा शाळेबाहेरच्या एखाद्या मंडळाच्या परीक्षेचा विषय म्हणून. महाराष्ट्रात यांपैकी तिसरा प्रकार सर्वांत जुना असून तोच सर्वांत बळकट ठरला आहे. निवडीचा विषय मात्र विषयसूचीत ऐसपैस आणि वर्गात विरळ, अशी स्थिती दीर्घकाळ आढळते.

या विसंगतीचे मूळ एकोणिसाव्या शतकात आहे. मुंबई येथे १८५७ मध्ये सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून कलाशाळा स्थापन झाली. औद्योगिक मालाची घडण व नक्षी सुधारावी या हेतूने लंडनच्या साउथ केन्झिंग्टन येथे रेखनशिक्षणाची जी पद्धती उभारण्यात आली होती, तिचाच प्रभाव या शाळेवर होता. रेखन म्हणजे हात व डोळा यांची शिस्त. ती कारागिराला, सर्वेक्षकाला व अभियंत्याला सारखीच उपयोगी, असा त्या पद्धतीमागील विचार होता. पुढे शाळांसाठी चित्रकलाशिक्षक तयार करण्याचे कामही याच संस्थेकडे आले आणि शाळाशाळांतून रेखनाच्या श्रेणीपरीक्षा रूढ झाल्या. म्हणजे चित्रकला आपल्या शाळांत आली ती अभिव्यक्तीचे साधन म्हणून नव्हे, तर मोजता येण्याजोगे कौशल्य म्हणून. आणि मोजण्याची फूटपट्टी शाळेबाहेरच्या यंत्रणेच्या हाती राहिली. याच कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांकडून १८७२ ते १८८५ या काळात अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करवून घेतल्या, ही गोष्ट येथे ध्यानात घेण्याजोगी आहे. एका बाजूला भारतीय चित्रपरंपरेचा असा प्रत्यक्ष अभ्यास आणि दुसऱ्या बाजूला भौमितिक आकृत्यांची व नमुन्यांची नक्कल, हे दोन्ही प्रवाह एकाच संस्थेतून निघाले. सामान्य शाळेपर्यंत पोहोचला तो दुसराच.

शासकीय रेखाकला परीक्षा एलिमेंटरी व इंटरमिजिएट अशा दोन टप्प्यांत होतात. १९६५ मध्ये कला संचालनालय स्वतंत्र झाले व या परीक्षा त्याच्या कक्षेत आल्या. एलिमेंटरीत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि भूमिती व अक्षरलेखन असे विषय असतात. इंटरमिजिएटमध्ये वस्तुचित्राची जागा स्थिरचित्र घेते आणि प्रतलभूमितीला घनभूमितीची जोड मिळते. वस्तुचित्रात समोर मांडलेली बादली, सुरई वा फळे यांचे प्रमाण, यथादर्शन व छायाप्रकाश पाहिले जातात. स्मरणचित्रात बाजार, बसथांबा, पतंग उडवणारी मुले यांसारखा प्रसंग नमुन्याशिवाय काढावयाचा असतो. चारही विषयांत ही कसोटी खऱ्या अर्थाने कलेची. कारण विद्यार्थी रोज काय पाहतो आणि पाहिलेले किती टिकवून ठेवतो, हे येथे उघड होते. परंतु व्यवहारात याच विषयाची सर्वाधिक घोकंपट्टी होते. पाठमोरी स्त्री, सायकल, झाड व मागे घर ही ठरीव मांडणी आधीच गिरवून ठेवायची आणि प्रश्न कोणताही येवो, तीच थोड्या फेरफाराने उतरवायची, असा परिपाठ अनेक खासगी वर्गांतून पडला आहे. परीक्षेची रचना चांगली असूनही तिच्याभोवतीचे अध्यापन तिला पोकळ करू शकते, याचे हे ठळक उदाहरण होय.

संगीताची वाट निराळी असली, तरी ती पोहोचली त्याच ठिकाणी. पुण्यात १८७४ मध्ये गायन समाजाची स्थापना झाली. बडोदे संस्थानात मौलाबक्ष यांच्या संगीतशाळेने सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने लेखननिबद्ध संगीतशिक्षणाचा पाया घातला. विष्णू दिगंबर पलुसकर यांनी १९०१ मध्ये लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय सुरू केले व १९०८ मध्ये मुंबईत त्याची शाखा काढली. विष्णु नारायण भातखंडे यांनी रागांचे थाटांनुसार वर्गीकरण करून आणि क्रमिक पुस्तके रचून घराण्यातील विद्या वर्गात शिकवता येईल अशा रूपात आणली. पलुसकरांच्या निधनानंतर १९३१ मध्ये त्यांच्या शिष्यांनी स्थापन केलेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद या परीक्षा गावोगावच्या संगीतवर्गांचा कणा बनल्या. येथेही कला सुसूत्र झाली. पण ती शाळेच्या वेळापत्रकाबाहेर, संध्याकाळी, शुल्क भरून शिकण्याची गोष्ट राहिली. शाळेत उरली ती प्रार्थना, समूहगीत व स्नेहसंमेलन. नाट्याची स्थिती यापेक्षा फारशी वेगळी नाही. सुधा करमरकर यांच्या लिटल थिएटरने १९५९ पासून बालरंगभूमीला स्वतंत्र रूप दिले, रत्नाकर मतकरी यांनी मुलांसाठी विपुल नाट्यलेखन केले, शासनाची बालनाट्य स्पर्धाही चालते. मात्र नाट्य हा शालेय विषय झाला नाही, तो उपक्रमच राहिला.

निवडीचा विषय म्हणून कलेला खरे स्थान देण्याचा पहिला मोठा प्रयत्न माध्यमिक शिक्षण आयोगाने (मुदलियार आयोग, १९५२-५३) केला. आयोगाने बहुउद्देशीय शाळांची कल्पना मांडून सात विषयगट सुचविले. त्यांपैकी एक ललित कलांचा होता व त्यात कलेचा इतिहास, रेखन व संकल्पन, रंगचित्रण, शिल्प, संगीत आणि नृत्य यांचा समावेश होता. विज्ञान वा वाणिज्य यांच्या शेजारी, समान दर्जाने ललित कला मांडण्याचे हे धैर्य लक्षणीय होते. तथापि बहुतेक शाळांना असा गट चालविण्यास लागणारे शिक्षक, खोल्या व साहित्य परवडले नाही. पुढे १०+२+३ या आकृतिबंधानुसार महाराष्ट्रात १९७५ मध्ये नवी दहावीची परीक्षा सुरू झाली. दहावीपर्यंत सर्वांना समान अभ्यासक्रम हे त्याचे तत्त्व समतेच्या दृष्टीने योग्यच होते. मात्र त्यामुळे माध्यमिक स्तरावरील कलागट मावळला आणि निवड अकरावी-बारावीपर्यंत लांबली. त्या टप्प्यावर राज्य मंडळाच्या विषयसूचीत रेखन, संकल्प व रंग, कलेचा इतिहास व रसग्रहण, शास्त्रीय व सुगम गायन, वाद्यवादन, तालवाद्ये, भारतीय संगीताचा इतिहास व विकास असे विषय आहेत. केंद्रीय मंडळाच्या यादीत यांखेरीज कथ्थक, भरतनाट्यम्, ओडिसी, मणिपुरी, कथकळी, कुचिपुडी हे नृत्यप्रकारही स्वतंत्र विषय म्हणून दिलेले आहेत. यादी वाचून मन प्रसन्न होते. आपल्या कनिष्ठ महाविद्यालयात यांतील काय शिकवतात, हे विचारल्यावर पुष्कळदा ते टिकत नाही.

मराठवाड्याचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. हैदराबाद संस्थानातील हा प्रदेश १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला. त्यामुळे मुंबई-पुण्याकडे रुळलेली परीक्षापरंपरा व तिच्याभोवतीचे खासगी वर्ग यांचा शेजार त्याला उशिरा लाभला. छत्रपती संभाजीनगर (२०२३ पूर्वीचे औरंगाबाद) येथे १९७१ मध्ये शासकीय कला महाविद्यालय सुरू झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात नाट्यशास्त्र विभाग आहे, महागामी या संस्थेत कथ्थक व ओडिसी यांचे गुरुकुल पद्धतीने शिक्षण मिळते, आणि वेरूळ-अजिंठ्याची लेणी याच जिल्ह्यात आहेत. असे असूनही गारखेडा परिसरातील पुंडलिकनगरसारख्या वसाहतीतील नववीच्या विद्यार्थ्याला हे सर्व वैभव शाळेच्या मार्गाने लाभत नाही. त्याच्या पालकांना वर्गाचे शुल्क, रंग-कागद वा तबल्याची जोडी परवडते की नाही, यावर त्याची निवड ठरते. पैठण येथून एकनाथांची भारुडे महाराष्ट्रभर गेली. भारूड, गोंधळ, पोवाडा गाणाऱ्या घरांतील मुले याच जिल्ह्यातील शाळांत शिकतात. त्यांच्यापाशी कला आहे, पण ती विषय म्हणून कोणी विचारीत नाही.

दहावीच्या परीक्षेत कलेसाठी वाढीव गुण देण्याची शासनाची योजना या पार्श्वभूमीवर तपासावी लागते. तीनुसार एलिमेंटरी व इंटरमिजिएट या दोन्ही परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना इंटरमिजिएटमधील अ, ब, क श्रेणींसाठी अनुक्रमे ७, ५ व ३ गुण मिळतात. शास्त्रीय गायन, वादन, नृत्य यांच्या मान्यताप्राप्त परीक्षांना व लोककलांतील सहभागालाही गुण आहेत. लोककलेची दखल घेतली गेली, हे योजनेचे निःसंशय श्रेय. परंतु गुणांमुळे परीक्षार्थी वाढतात, अध्यापन वाढतेच असे नाही. शाळेने जे शिकविले नाही त्याचे गुण शाळेच्या परीक्षेत मिळावेत, ही रचना ज्याला बाहेर शिकता येते त्यालाच प्रामुख्याने लाभदायक ठरते.

खरा प्रश्न शिक्षकाचा आहे. बालकांच्या शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यातील अनुसूचीनुसार सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून अधिक पट असल्यास कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा, असे मानक आहे. पूर्णवेळ शिक्षक हा किमान मानकाचा भागच नाही. अंशकालीन निदेशक ठरलेल्या तासिका घेऊन जातो. पाचवीत चांगली रेघ काढणाऱ्या मुलीला दहावीपर्यंत कोण पाहणार, हा प्रश्न त्याच्या नेमणुकीच्या अटींत बसत नाही. गणिताला शिक्षक नाही म्हणून तो विषय बंद झाला, असे कोठे ऐकिवात नाही. चित्रकलाशिक्षक निवृत्त झाला की पद रिक्त राहते आणि त्याबरोबर विषयही संपतो.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अभ्यासक्रमीय व सहशालेय असा भेद मोडीत काढावा असे म्हटले आहे. शालेय शिक्षणाच्या २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात दृश्यकला, नाट्य, संगीत आणि नृत्य यांना कलाशिक्षणात स्थान असून अकरावी-बारावीच्या विषयगटांपैकी एकात कलाशिक्षणाचा समावेश आहे. सत्तर वर्षांपूर्वीच्या ललित कला गटाशी याचे साम्य सहज जाणवते. फरक पडायचा तर तो वरच्या प्रवेशप्रक्रियेतही पडावा लागेल. राज्यातील कला पदवी अभ्यासक्रमांच्या सामाईक प्रवेश परीक्षेत वस्तुचित्र, संकल्पचित्र व स्मरणचित्र हेच प्रात्यक्षिक विषय असून सोबत सामान्यज्ञानाची प्रश्नपत्रिका असते. बारावी कोणत्याही शाखेची चालते. म्हणजे अकरावी-बारावीत दोन वर्षे कलेचा इतिहास वा रेखन निवडून शिकलेल्या विद्यार्थ्याला कलामहाविद्यालयाच्या दारातही त्या निवडीसाठी वेगळे स्थान नाही, आणि पालक नेमके हेच विचारून विषय ठरवितात.