काचेबाहेरची आई

धडगावच्या एखाद्या पाड्यावर दिवस भरण्याआधीच बाळंतपण झालं, की बाळ-बाळंतीण अनेकदा डांबरी रस्त्यापर्यंत झोळीतून येतात. बांबूला बांधलेली ती झोळी खांद्यावर घेणारे घरचेच असतात. पुढे रुग्णवाहिका, चांदसैलीचा घाट, तळोदा आणि मग नंदुरबार. दीड किलोच्या त्या जिवाला एसएनसीयूत, म्हणजे नवजात शिशूंच्या विशेष काळजी कक्षात दाखल करतात. ‘बाळ काचेत ठेवलंय’ एवढंच घरच्यांना कळतं. अशा कक्षांचा देशभरचा जुना शिरस्ता असा, की इथवर बाळ जिवंत आणणाऱ्यांनी आता व्हरांड्यात थांबायचं. कारण जंतुसंसर्गाची भीती. भीती खोटी नव्हती, पण तिचा हिशेब कुणी नीट तपासला नव्हता.

तो तपासायला भाग पाडलं टंचाईने. कोलंबियातल्या बोगोटा शहरात काचेच्या पेट्या कमी पडत होत्या. एडगर रे या डॉक्टरांनी 1978 मध्ये कमी वजनाची बाळं आईच्या उघड्या छातीवर उभी बांधून ठेवायला सुरुवात केली. हीच कांगारू मदर केअर. ती गरिबांची तडजोड आहे, असं बरीच वर्षं मानलं गेलं.

शरीरशास्त्र वेगळं सांगतं. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची कातडी पातळ असते, अंगात चरबी जवळजवळ नसते आणि वजनाच्या मानाने त्वचेचा पृष्ठभाग मोठा असतो. त्यामुळे ते भराभर गार पडतं. गार पडलं, की ऊब टिकवण्यासाठी साखर आणि प्राणवायू जाळतं. मग साखर उतरते, श्वास अडखळतो. आईच्या छातीवर ऊब सलग मिळते, दूध जवळ असतं, आणि बाळाच्या अंगावर पहिले जंतू वसतात ते रुग्णालयातले नव्हेत, तिचे. शिवाय चोखणं मंदावलं, अंग सैल पडलं, हे चोवीस तास जवळ असलेल्या आईला आधी कळतं. अनेक बाळांमागे धावणाऱ्या एकट्या सिस्टरला ते कसं कळावं?

जागतिक आरोग्य संघटनेने भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानियातल्या रुग्णालयांत याची मोठी चाचणी घेतली. भारतातलं केंद्र होतं दिल्लीचं सफदरजंग. एक किलो ते 1,799 ग्रॅम वजनाची 3,211 बाळं तीत होती. निम्म्यांना प्रकृती स्थिरावण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच आईच्या छातीवर ठेवलं, आणि आईची खाटच अतिदक्षता कक्षात आणली. पहिल्या 28 दिवसांत नेहमीच्या पद्धतीत 15.7 टक्के बाळं दगावली, या पद्धतीत 12 टक्के. फरक इतका स्पष्ट होता, की चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली. 2021 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या जंतुसंसर्गासाठी आईला बाहेर ठेवलं जात होतं, त्याची शंका यावी अशी बाळंही आत आलेल्या आयांकडेच कमी निघाली.

दिल्लीच्याच राममनोहर लोहिया रुग्णालयाने याआधी आई-वडिलांना हात धुणं, दूध पाजणं, धोक्याची चिन्हं ओळखणं शिकवून कक्षात घेतलं होतं. तिथेही संसर्ग वाढला नाही. त्या अनुभवावर केंद्र सरकारने 2017 मध्ये कुटुंबाच्या सहभागाची मार्गदर्शक सूचना काढली. ‘अडाणी माणसांना काय जमणार’ म्हणणाऱ्यांनी गडचिरोलीकडे पाहावं. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं, आणि 1999 च्या ‘लॅन्सेट’मधल्या अहवालानुसार तिथले नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटले.

मोठ्यांच्या आयसीयूत मात्र इतकं झगझगीत यश नाही. ब्राझीलमधल्या 36 आयसीयूंत नातेवाइकांना दिवसाला बारा तासांपर्यंत बसू दिलं. रुग्णांच्या भ्रमिष्टपणात, म्हणजे डेलिरियममध्ये, लक्षणीय फरक पडला नाही. संसर्गही वाढला नाही. नातेवाइकांची चिंता आणि खिन्नता मात्र कमी झाली. माझ्या मते दार उघडायला एवढंही पुरेसं आहे.

धडगावकडच्या सातपुड्यातली अडचण निराळी. सूचना मराठीत दिल्या, की पावरी किंवा भिली बोलणारी आई नुसती मान हलवते. तिच्या बोलीत समजावणारं माणूस कक्षात हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या त्या चाचणीत बाळं दिवसाला साधारण सतरा तास छातीवर होती. ओली बाळंतीण एकटीने हे करूच शकत नाही. चाचणीतही आईच्या जोडीला घरचं दुसरं माणूस होतंच. इथे ती आजी असेल, मावशी असेल, बापही असेल. बापाची छाती तितकीच उबदार असते. पण रोजंदारी बुडवून, घरी बाकीची पोरं टाकून आलेल्या या दुसऱ्या माणसाने झोपायचं कुठे, खायचं काय? जननी शिशू सुरक्षा कार्यक्रमात मोफत जेवणाची तरतूद बाळंतिणीपुरती: साधं बाळंतपण असेल तर तीन दिवस, सिझेरियन असेल तर सात. दीड किलोच्या बाळाला घरी सोडायला कधी कधी तीन आठवडे लागतात.