रात्रीची मालवाहतूक : वेतन आणि निद्रा

अमेरिकेतील युनायटेड पार्सल सर्व्हिस या कंपनीत एका वर्गीकरण-केंद्राकडून दुसऱ्याकडे पार्सले नेण्याचे काम ट्रॅक्टर-ट्रेलर करतात. संध्याकाळी गोळा झालेला माल पहाटेपूर्वी पुढील केंद्रात पोहोचावयाचा असल्याने हे काम मुख्यतः रात्रीचे होय. पुष्कळ फेऱ्यांत दोन्ही टोकांचे चालक मध्यावर भेटून ट्रेलरांची अदलाबदल करितात व सकाळी आपापल्या घरी परततात. आठवडेच्या आठवडे बाहेर राहणाऱ्या इतर ट्रकचालकांच्या मानाने हा लाभ मोठाच म्हणावयास हवा. टीमस्टर्स संघटनेच्या करारामुळे उत्तम वेतन, आरोग्यविमा व निवृत्तिवेतनही मिळते. शिवाय रस्ते मोकळे.

हानीचे स्वरूप सूक्ष्म आहे. संघीय नियमांनुसार सलग १० तासांच्या विश्रांतीनंतर १४ तासांच्या अवधीत फार तर ११ तास वाहन हाकता येते. नियमात तासांची मोजदाद आहे. ते तास कोणत्या प्रहरी पडतात याचा विचार नाही. उत्तररात्री शरीराची जागरूकता सर्वांत मंदावते आणि दिवसाची झोप तुटक असते. त्यामुळे विश्रांती कागदोपत्री पुरी, पण चालक पेंगुळलेला, असे सहज घडते. (घरी परतण्याच्या सुखातूनही ही झोप वजा करावी लागते.) जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २००७ मध्ये रात्रपाळीस ‘बहुधा कर्करोगकारक’ या वर्गात घातले व २०१९ मध्ये ते वर्गीकरण कायम ठेविले.

फेऱ्यांची निवड सेवाज्येष्ठतेने होते. सोयीच्या फेऱ्या जुने चालक घेतात. ज्यांची मुले लहान, अशा नव्यांकडे बहुधा रात्र उरते.