‘डेडलाइन’ आणि ‘डेडलॉक’

वृत्तपत्रांच्या वाटेने जे इंग्रजी शब्द मराठी बोलण्यात येऊन स्थिरावले, त्यांत ‘डेडलाइन’ आणि ‘डेडलॉक’ ही जोडी लक्षात घेण्यासारखी आहे. कामाची डेडलाइन टळते. वाटाघाटींत डेडलॉक निर्माण होतो. दोन्ही शब्द सामासिक, आणि दोहोंचे पूर्वपद एकच : ‘डेड’, म्हणजे मृत. तेव्हा दोहोंचा विग्रह एकाच साच्याने करावा, असे कोणालाही वाटेल. परंतु समासाचा साचा सारखा असला, म्हणजे शब्दांचे कुळही सारखे असते असे नाही. या दोहोंपैकी एकाचा जन्म रंगभूमीवरील विनोदाशी निगडित आहे. दुसऱ्याचा, खऱ्याखुऱ्या मरणाशी.

वयाने ‘डेडलॉक’ थोरला. शेरिडन या नाटककाराचे ‘द क्रिटिक’ हे प्रहसन १७७९ साली लंडनमध्ये रंगभूमीवर आले. त्यात एका भडक ऐतिहासिक नाटकाची तालीम चाललेली दाखविली आहे. तिच्यातील एका प्रसंगी दोन तरुणी नायकावर खंजीर रोखून उभ्या राहतात, नायक त्यांच्यावर शस्त्र उगारतो आणि त्या तरुणींचे काका नायकावर तलवारी रोखतात. आता हलायचे कोणी? जो आधी हात खाली घेईल, त्याची धडगत नाही. आपण सर्वांना कसे अडकवून ठेवले आहे, हे सांगताना त्या नाटकाचा लेखक मोठ्या अभिमानाने हा शब्द वापरतो. शेवटी राणीच्या नावाने शस्त्रे खाली टाकण्याचा हुकूम होतो आणि तिढा सुटतो. मरत मात्र कोणीच नाही.

मग येथे ‘डेड’ आले कोठून? याचे उत्तर मराठीच्या घरातच सापडते. ‘ठार मारणे’ यातील ‘ठार’ जीव घेणारा आहे. पण ‘ठार बहिरा’ किंवा ‘ठार वेडा’ यांतील ‘ठार’ कोणाचाही जीव घेत नाही. तेथे त्याचा अर्थ ‘पूर्णपणे’, ‘अगदी’ एवढाच. इंग्रजीतील ‘डेड’ही असाच दुहेरी आहे. वारा अगदी पडला किंवा गाडी जागच्या जागी थांबली, तरी इंग्रज माणूस ‘डेड’ म्हणतो. ‘लॉक’ म्हणजे दाराचे कुलूप, तसेच एकमेकांत अडकून बसणे. कुस्तीतील पकडीलाही तोच शब्द आहे. सारांश, ‘डेडलॉक’ म्हणजे ठार अडकाठी. मराठीतील ‘पेच’ हा शब्दही कुस्तीच्या आखाड्यात वावरणारा असल्याने त्याच्या फार जवळचा आहे.

‘डेडलाइन’ची कथा निराळी. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. दक्षिणेकडील राज्यांनी उत्तरेच्या युद्धकैद्यांसाठी जॉर्जिया राज्यात अँडरसनव्हिल येथे फेब्रुवारी १८६४ मध्ये एक छावणी उघडली. ती सुमारे १०,००० माणसांसाठी आखली होती. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये तेथे ३२,००० हून अधिक कैदी कोंबलेले होते. छावणीभोवती उंच ओंडक्यांचा कोट होता आणि त्याच्या आत सुमारे १९ फुटांवर लाकडी दांड्यांचे एक ठेंगणे कुंपण. ते कुंपण ओलांडणाऱ्याला पहारेकऱ्याने गोळी घालावी, असा हुकूम होता. छावणीतून वाहणाऱ्या ओढ्याचे जरा स्वच्छ पाणी घेण्यासाठी त्यापलीकडे हात लांबविणारेही मारले गेले. या सीमेला ‘डेडलाइन’ म्हणत. येथील ‘डेड’ला लक्षणा नाही, तो वाच्यार्थानेच घ्यावयाचा.

चौदा महिन्यांत तेथे सुमारे १३,००० कैदी मृत्युमुखी पडले. बहुतेक रोगाने आणि उपासमारीने. छावणीचा अधिकारी हेन्री वर्झ याला १८६५ च्या नोव्हेंबरात फाशी देण्यात आले. डोरेन्स अ‍ॅटवॉटर नावाच्या तरुण कैद्याकडे मृतांची नोंद ठेवण्याचे काम होते. त्याने त्या यादीची एक प्रत गुप्तपणे करून ठेवली. तिच्या आधारे १८६५ च्या उन्हाळ्यात क्लारा बार्टन या सेवाव्रती महिलेच्या साहाय्याने थडग्यांवर नावे लागली. निनावी राहिली ती सुमारे ४६०.

पुढे शब्दाचा दाह निवाला. छापखान्यात यंत्राच्या पाटावरील एका खुणेला हे नाव मिळाले. तिच्या पलीकडे ठेवलेला खिळा कागदावर उमटत नसे. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत अमेरिकेतील वृत्तपत्रकचेऱ्यांत मजकूर देण्याच्या शेवटच्या वेळेला ‘डेडलाइन’ म्हणू लागले. जागेची सीमा अशी वेळेची सीमा झाली.

आज या दोन शब्दांतील भेद ध्यानात ठेवणे अवघड नाही. डेडलाइन एकाने आखावयाची आणि दुसऱ्याने पाळावयाची असते. म्हणून ती वाढविणे आखणाऱ्याच्या हाती असते. डेडलॉक हा तुल्यबळांचा असतो. तो सुटण्यास कोणी तरी प्रथम हात मागे घ्यावा लागतो, किंवा तिसऱ्याला मध्ये पडावे लागते. मराठीत पहिलीला ‘मुदत’ आणि दुसऱ्याला ‘कोंडी’ म्हटले, की अर्थ पुरेसा पोहोचतो. परंतु चार दिवसांची मुदत टळल्यावर ‘डेडलाइन गेली’ असे जेव्हा कोणी सहज म्हणतो, तेव्हा त्या शब्दामागे ओढ्याच्या पाण्यासाठी हात लांबविणारी माणसे उभी आहेत, एवढे ठाऊक असलेले बरे.