पावसाळ्यात शिपाई राहतो कुठे?

सोळाव्या शतकातल्या गोव्यात रेशमी पोशाखातला एक पोर्तुगीज शिपाई बाजारातून ऐटीत चालला आहे. त्याचे सोबती मात्र घरात नुसत्या सदऱ्यावर बसून. हा परतल्याशिवाय त्यांना बाहेर पडता येत नाही, कारण चांगले पोशाख सगळ्यांत मिळून एक किंवा दोनच! १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात राहिलेल्या लिन्सखोटेन या डच माणसाने हे लिहून ठेवलं आहे. दहा-बारा शिपाई एका घरात, जेवायला भात आणि खारी मासळी.

समुद्रावर हुकमत गाजवणाऱ्या सत्तेच्या सैनिकांची ही दशा कशी? उत्तर आभाळात होतं. पावसाळ्यात आरमार बाहेर पडत नसे, आणि पगार मुख्यतः आरमारावर असतानाच मिळे. बराकी नव्हत्याच. मग कुणी एखाद्या श्रीमंत सरदाराच्या पंगतीला लागे, कुणी व्यापारात शिरे, कुणी मठात, तर कुणी थेट शेजारच्या राजाच्या फौजेत! कित्येक महिन्यांचा प्रवास करून लिस्बनहून आणलेला माणूस असा हातचा जाई.

गंमत म्हणजे यावरचा उपाय पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्कला १५१० मध्ये गोवा जिंकल्यावर लगेच सुचला होता. इथल्या स्त्रियांशी लग्न करणाऱ्या सैनिकांना त्याने घरं आणि जमिनी दिल्या. घरदार झालेला माणूस शहर सोडत नाही आणि शत्रू आला की तटावर उभा राहतो, हा त्यामागचा हिशेब.

गोव्यातच दिवाडी बेटापलीकडे डिचोलीतलं नार्वे. तिथल्या सप्तकोटेश्वराच्या देवळाचा १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी जीर्णोद्धार केला. त्यांच्या लष्करालाही हाच पाऊस गाठत होता, पण व्यवस्था निराळी होती. महाराजांचा बखरकार सभासद सांगतो, पावसाळ्यासाठी छावणीत दाणा, वैरण, औषधं आणि माणसांसाठी व घोड्यांसाठी शाकारलेली घरं आधीच तयार असत. चिपळूणजवळच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना महाराजांनी लिहिलेलं पत्र तर थक्क करतं. रात्री दिवा जळता ठेवू नका, उंदीर पेटती वात नेईल आणि वैरण पेटेल, इतक्या बारकाईने छत्रपती सैनिकांच्या छपराचा विचार करत होते!

पेडण्याच्या टोकाचा तेरेखोल किल्ला पोर्तुगीजांनी १७४६ मध्ये घेतला. आज तिथे समुद्र बघत राहायला पर्यटक पैसे मोजतात. आषाढात पहाऱ्यावरच्या शिपायाला तोच वारा झोंबत असणार. नेमणूक जितकी आडबाजूची, तितकं छप्पर मोलाचं.

छपराचं हे मोल आजच्या सैन्यातही तेच आहे. भरती होताना बहुतेक जण विशीच्या आसपासचे असतात. वर्दी आणि पगार पुरेसा वाटतो. दहा वर्षांनी करार वाढवायचा की नाही, हे ठरवायला घरातली माणसंही बसतात. तिथे गळकं छत, तुंबलेली मोरी आणि मुलांची शाळा यांना मत असतं. २०२३ मध्ये अमेरिकेच्या सरकारी लेखापरीक्षकांना लष्करी बराकींत बुरशी आणि सांडपाण्याच्या तक्रारी आढळल्या. त्याचा नोकरीत टिकण्यावर परिणाम होतो, असंही समोर आलं. ब्रिटनने १९९६ मध्ये विकलेली ३६,००० हून अधिक लष्करी घरं २०२५ मध्ये सुमारे ६ अब्ज पौंड देऊन परत घेतली. भारतानेही २००२ पासून जवानांच्या कुटुंबांसाठी घरं बांधण्याचा मोठा प्रकल्प हाती घेतला.

शिकवून तयार केलेला तंत्रज्ञ गेला की त्याच्यावर खर्च केलेली वर्षंही जातात. तेव्हा संरक्षणाच्या अंदाजपत्रकात तोफा-विमानांइतकंच डागडुजीचं पानही नीट वाचायला हवं.